काकूचा स्टीलचा ग्लास

वय झालं की माणसाचा राग निवतो, असं मला सगळेच सांगतात. भजनाला येणाऱ्या मैत्रिणी सांगतात, सून सांगते, ब्लडप्रेशरची गोळी लिहून देणारा डॉक्टरसुद्धा सांगतो. निवत असेल कुणाचा. माझा नाही निवला, आणि खरं सांगायचं तर मी तो निवू दिला नाही. दसरा जवळ आला आणि गुलमंडीच्या तोंडाशी बायका सीताफळाच्या पाट्या मांडून बसल्या की मी त्याच्यावर नव्यानं फुंकर घालते. ज्या बाईबद्दल हे लिहितेय ती अजून जिवंत आहे. तिच्या मुलानं वाचलं तर वाचू दे. मी काही खोटं लिहिणार नाही.

वडील गेल्यावर आई मला घेऊन धाकट्या दिराच्या घरी राहायला आली. गुलमंडीच्या मागं एका बोळात ते घर होतं. पुढं ओसरी, आत दोन खोल्या, त्यामागं स्वयंपाकघर आणि मोरी, आणि वर एक छोटी गच्ची, तिथं आमचे कपडे, पापड आणि मिरच्या एकाच उन्हात वाळायच्या. काका सरकारी कचेरीत कारकून होते. ते निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, त्यामुळं रागावले की उर्दूत बोलायचे आणि देवाचं मात्र मराठीत म्हणायचे. माणूस वाईट नव्हता. पण घरात बायको बोलायला लागली की त्यांना चप्पल कुठं ठेवली ते आठवायचं आणि ते बाहेर पडायचे. आईच्या हातात बांगड्या नव्हत्या, त्यामुळं ती स्वयंपाकघरात आहे की नाही हे आवाजावरून कळायचं नाही. पहाटे ताकाची रवी घुमायला लागली की कळायचं, आई उठली. त्या आवाजावर मी कूस बदलून परत झोपायची. अजूनही कधीकधी पहाटे जाग आली की मी कान देऊन पडून राहते.

काकूचं नाव प्रमिला. परभणीची, मॅट्रिकपर्यंत शिकलेली, नाकीडोळी नीटस, आणि चारचौघांत बोलायला लागली की कुणालाही आपलंसं करून घेणारी. नात्यानं आई मोठी जाऊ, म्हणून तोंडावर काकू तिला 'अक्का' म्हणायची. 'अक्का, तेवढं पीठ मळता का', 'अक्का, तेवढी भांडी राहिलीत बघा', 'अक्का, माझं डोकं लई दुखायलंय'. दिवसातून वीस वेळा अक्का. एवढा मान मी कुठल्या मोठ्या जावेला मिळालेला बघितला नाही. घरातलं झाडण्यापासून भाकरीपर्यंत सगळं अक्का करायची, आणि पाहुणे आले की काकू पदर खोचून स्वयंपाकघराच्या दारात उभी राहायची, जणू आत्ताच चुलीपुढून उठलीय. पाहुणे म्हणायचे, 'प्रमिलाबाई, हाताला चव आहे हो तुमच्या.' काकू लाजायची. मला त्या लाजण्याचा इतका संताप यायचा की मी उगाच जाऊन मोरीत पाय धूत बसायची.

मग तिच्या भावानं पुण्याहून मिक्सर आणला. आमच्या बोळातला तो पहिला मिक्सर. पांढरा, बुडाला रबराचे चार पाय, वर झाकणाचं भांडं. काकूनं त्याला क्रोशाचं टोपडं विणलं आणि तो स्वयंपाकघरात नाही, पुढच्या खोलीत रेडिओच्या शेजारी मांडला. त्याला तिच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही, असा नियमच होता. 'विजेची वस्तू आहे बाई, अक्कांचे हात सदा ओले,' हे ती बोळातल्या प्रत्येक बाईला सांगायची. भांडंसुद्धा ती स्वतः धुवायची, तेवढं एकच भांडं. हा नियम नीट लक्षात ठेवा, पुढं तो लागणार आहे.

फुलंब्रीला माझ्या मामाच्या बांधावर सीताफळाची झाडं होती. दिवाळीच्या आगेमागे तो दोन-तीन पाट्या पाठवायचा, बहिणीच्या घरी गोड जावं म्हणून. आई त्या फळांना पोत्यात पेंढा घालून निजवायची आणि रोज सकाळी एकेक फळ उचलून डोळे उघडलेत का बघायची. सीताफळाचे डोळे उघडले की ते पिकायला आलं, हे आमच्याकडं पोरासोरांना ठाऊक असतं. पिकलेलं फळ दोन्ही अंगठ्यांनी मधोमध उकलायचं, गर चमच्यानं पितळी गंजात काढायचा, त्यात चार घोट गार दूध घालायचं आणि रवी घुमवायची. जोरात नाही. बी फुटता कामा नये, नुसता गर सुटला पाहिजे. रवी घुमता घुमता काळ्याभोर बिया मोकळ्या होऊन बुडाशी बसायच्या, मग आई ते सगळं पितळी चाळणीवर ओतून तळहाताच्या मांसल भागानं हलकं चोळायची. खाली पडायची ती नुसती साय. त्यात आणखी दूध, साखर, दोन वेलदोडे, आणि भुशात गुंडाळून आणलेल्या बर्फाचा खडा. आई त्याला सीताफळाचं घोटलेलं म्हणायची. मी ते चाळणीला चिकटलेलं बोटानं पुसून खायची. पुढं मुंबईपुण्याच्या हॉटेलांत उंच ग्लासांतून मी ते प्यालेय, त्या घोटलेल्याच्या जवळपाससुद्धा काही फिरकत नाही.

आता काकूचं काम ऐका. हे सगळं झालं की आईनं तो गंज पुढच्या खोलीत नेऊन ठेवायचा. काकू टोपडं काढायची, तयार झालेलं ते मिक्सरच्या भांड्यात ओतायची आणि एक मिनिट घर्रर्र करून फिरवायची. काही गरज नव्हती. पण आवाज बोळभर जायचा, बायका खिडकीतून डोकावायच्या, आणि काकू म्हणायची, 'सीताफळाचं मिल्कशेक केलंय. मिक्सरमध्ये दोन मिनिटांत होतं बघा.' दोन मिनिटं! आईची सबंध दुपार गेलेली असायची, अंगठ्यांच्या कडा काळ्या पडलेल्या असायच्या. भिंतीपलीकडच्या मुसलमान शेजारीणबाई, ज्यांना मी खाला म्हणायची, त्या मात्र सगळं बघून होत्या. त्यांचं माडीवरचं दार आमच्या गच्चीकडं उघडायचं. त्या मला म्हणायच्या, 'मशीन क्या करती बेटी, सब तेरी अम्मा का हाथ करता.'

बिया आई टाकून द्यायची नाही. धुवून, सुपात पसरून गच्चीवर वाळवायची. उवा झाल्या की बायका त्या कुटून तेलातून डोक्याला लावायच्या. पण लावताना पोराच्या डोळ्यांवर घट्ट फडकं बांधायचं, आणि लावणारीनं हात तीनदा धुवायचे. ती पूड डोळ्यात गेली तर डोळा जातो, हे खालांनी मला चौथीत असतानाच कान धरून सांगितलं होतं. आणि तोंडात गेली तर काय विचारता, जीभ आत ओढून घ्यावी इतकी कडू, मग घशाशी जळजळ, मग उलटी. अख्खी बी चुकून गिळली तर काही होत नाही. वाटली की विष.

मी आठवीत होते त्या वर्षी बोळातल्या कुणाच्या तरी हळदीकुंकवाला एका मुलींच्या वसतिगृहाच्या बाई आल्या होत्या. छावणीच्या रस्त्याला ते वसतिगृह होतं. बाई उंच, पांढरं पातळ, डोळ्यांवर काळ्या काड्यांचा चष्मा, बोलणं मोजकं. तिथं आमच्या घरून गंजभर घोटलेलं गेलं होतं. बाईंनी एक ग्लास घेतला, मग मागून दुसरा घेतला, आणि विचारलं, 'हे केलंय कुणी?' काकू म्हणाली, 'मीच की, मिक्सरवर.' खाला तिथंच बसलेल्या. त्या पानाचा विडा गालात सारून म्हणाल्या, 'झूठ नक्को बोलो दुल्हन. गिरजा बनाती. मैं रोज देखती ऊपर से.' बायका हसल्या, काकूही हसली. पण तिच्या मानेवर लाल चट्टे उठलेले मी बघितले. गिरजा म्हणजे माझी आई, ती मागं स्वयंपाकघरात हाताखाली होती; बाईंनी तिला बाजूला बोलावलं. त्यांच्या स्वयंपाकघरावर देखरेख करायला एक बाई हवी होती, जेवणखाण तिथंच, राहायला स्वतंत्र खोली, आणि मुलगी असेल तर तीही तिथंच राहील, शिकेल. 'रविवारी मी तुमच्या घरी येते,' बाई म्हणाल्या, 'दिरांशी बोलते, आणि तुमच्या हातचं हे परत एकदा पिते.'

खोली. दाराला आतून कडी लावता येईल अशी आमची स्वतःची खोली. घरी येताना वाटभर आईनं माझा हात धरला होता आणि तो इतका घट्ट होता की माझी बोटं दुखायला लागली. त्या आठवड्यात ती रोज पोत्यातली फळं दोनदोनदा बघायची. एकेक फळ नाकाशी धरून वास घ्यायची. आणि मी शाळेत वहीच्या मागच्या पानावर खोलीचा नकाशा काढत बसायची. खिडकी इकडं, कॉट तिकडं, देवाचा कोनाडा इथं.

रविवारी बाई आल्या. काका ओसरीवर खुर्ची टाकून बसले, बोलणं नीट चाललं होतं. आईनं सकाळपासून खपून गंज भरला होता, मी चाळणी चाटून बघितली होती, खडीसाखरेसारखं गोड. नेहमीसारखा गंज पुढच्या खोलीत गेला, नेहमीसारखं घर्रर्र झालं. जरा जास्तच वेळ झालं, पण त्या वेळी माझ्या ते ध्यानात आलं नाही. काकूनं स्वतःच्या हातानं बाईंना ग्लास दिला. बाईंनी मोठा घोट घेतला आणि त्यांचा चेहरा असा आवळला की मी दचकले. त्या उठल्या, ओसरीच्या कडेला जाऊन थुंकल्या, परत परत थुंकल्या. काकांनी पाणी आणलं. आई दारात गार पडली होती.

'अगंबाई!' काकू म्हणाली. 'अक्का, बिया राहिल्या व्हय हो गरात?' मग बाईंकडं वळून, आवाजात साखर घालून, 'माफ करा बाई. आमच्या अक्कांच्यानं आता होत नाही. भाऊजी गेल्यापासून त्यांचं चित्त ठिकाणावर नसतं. एवढ्या पोरींचं जेवण त्यांच्या जिवावर सोडायचं म्हणजे... तुम्हीच बघा.'

आई म्हणाली, 'मी बिया काढल्या व्हत्या. एकूण एक काढल्या व्हत्या.'

काका म्हणाले, 'वहिनी, राहू दे आता.' ते इतकंच बोलले आणि त्यांनी चपला शोधायला सुरुवात केली. बाई रुमालानं तोंड पुसत निघून गेल्या. जाताना त्यांनी आईकडं बघितलं, ते रागानं नाही, कीव आल्यासारखं. ते जास्त लागलं.

मी सरळ गच्चीवर गेले, रडायला. आणि रडायच्या आधीच मला ते सूप दिसलं. आईनं सकाळीच धुतलेल्या बिया त्यात एकसारख्या पसरून ठेवल्या होत्या, एकीला एक लावून, तिची ती पद्धतच होती. आणि त्या काळ्या थरात मधोमध चार बोटांची वाट पडली होती. कुणीतरी ओंजळभर नाही, बरोबर मूठभर बिया ओढून नेल्या होत्या. चिमणीनं नेल्या तर अशी वाट पडत नाही. मी खाली आले तेव्हा काकू मोरीत ते एकच भांडं घासत होती, नेहमीपेक्षा जोरात. तिची पाठ वळल्यावर मी पात्याखालच्या फटीत नख घातलं. नखात काळ्या टरफलाची भुकटी आली. मी ती जिभेला लावली. मिक्सरला तिच्याशिवाय कुणाचा हात लागत नाही, हे तिनंच बोळभर सांगितलेलं होतं. आता कुणाला विचारायला जायची गरज नव्हती. फुकटची राबणारी बाई हातची जाते म्हणून हिनं माझ्या आईची खोली वाटून टाकली होती.

मी आईला सांगितलं. आई भाकरी थापत होती, थापतच राहिली. 'मला ठाऊक हाय,' ती म्हणाली. 'वाटलेल्या बीचा वास येतो.' मी म्हटलं, मग सांग ना सगळ्यांना! ती म्हणाली, 'कुणाला सांगू? माझं कोण खरं धरल? तिचा मिक्सर, तिचा नवरा, तिचं घर.' त्या दिवशी माझ्या डोक्यात जी तिडीक गेली ती अजून तिथंच आहे. मी ठरवलं, हिला सोडायचं नाही.

पुढं जे झालं ते काकूच्या मनातसुद्धा आलं नव्हतं. बोळात गवगवा झाला, पण तो अक्काच्या नावानं नाही झाला. 'त्या घरचं सीताफळ कडू निघालं,' असं बायका म्हणायला लागल्या. 'पाहुणी ओकली म्हणे.' एरवी मिक्सरचा आवाज आला की डोकावणाऱ्या बायका आता खिडकी लावून घ्यायच्या. एकीनं तर हळदीकुंकवाला काकूच्या हातचं सरबत नुसतं ओठाला लावून खाली ठेवलं. दोन आठवड्यांत काकूचं तोंड उतरलं. शेवटी तिनं ठरवलं की दिवाळीच्या फराळाला बोळातल्या सगळ्या बायका बोलवायच्या, त्या वसतिगृहाच्या बाईंनासुद्धा गाठून आणायचं, आणि सगळ्यांना दाखवून द्यायचं. 'अक्का, गर तुम्हीच काढा,' तिनं सांगितलं, 'पण मी समोर बसून बघीन हं.' नरड्याला हात घालावा असं मला वाटलं.

हातानं तेवढं जमण्यासारखं नव्हतं, म्हणून मी दुसरं केलं. शाळेतून आल्यावर गच्चीवर दगडानं मूठभर बिया कुटल्या, वहीच्या पानात पुडी बांधली आणि परकराच्या नेफ्यात खोवली. तोच वहीचा कागद, मागं खोलीचा नकाशा असलेला. मनात काय होतं, खरं सांगू? डोळे. काकूचे डोळे. चौदा वर्षांची पोर असा विचार करू शकते हे आज कुणाला पटत नाही, पण मला त्याची लाज वाटत नाही. फराळाच्या दिवशी दुपारी आई माझी वेणी घालत होती, तिचा हात कमरेला लागला आणि पुडी खसखसली. तिनं ती काढली, उघडली, हुंगली.

'कुणासाठी?'

'तिच्यासाठी.'

आईनं मला मारलं नाही, उपदेशही केला नाही. ती म्हणाली, 'येडी हायेस. गंज एकच असतो. बाई त्यातलंच पिणार. आज परत कडू निघालं तर मला दुनियेत कोण ठेवून घेईल?' तिनं पुडी मोरीत रिकामी केली, वर दोन बादल्या पाणी ओतलं, हात तीनदा धुतले. मग माझी अर्धी राहिलेली वेणी घातली. माझा सूड पाण्याबरोबर वाहून गेला, असं मला वाटलं.

बायका जमल्या. सतरंजीवर गोल करून बसल्या, करंज्या-अनारशांच्या ताटल्या फिरल्या. बाई आल्या होत्या, पण कडेला, निघायच्या बेतात असल्यासारख्या. खाला भिंतीला टेकून बसलेल्या. काकूनं आईच्या समोर बसून रवीचा एकेक फेरा बघितला, चाळणीवरच्या बिया मोजल्यासारखं केलं, मग सगळ्यांदेखत मिक्सरमधून फिरवून परत गंजात ओतलं. काचेचे ग्लास घरात आठच, ते पाहुण्यांत संपले. बायकांनी भीतभीत ओठ लावले, आणि मग एकमेकींकडं बघून हसल्या. 'किती छान हो प्रमिलाबाई.' बाईंनी घोट घेतला, क्षणभर जिभेवर ठेवला, मान हलवली. काकू फुलली. कंबर सैल करून ती सतरंजीवर टेकली आणि म्हणाली, 'बघा, त्या दिवशी अक्कांची चूक झाली होती. आज मी जातीनं लक्ष घातलं. सुले, माझा ग्लास आण गं.'

मी आत गेले. गंजाच्या बुडाशी उरलं होतं ते स्टीलच्या ग्लासात ओतलं. आई चुलीपाशी उभी होती, तिनं बघितलं, मी त्यात काहीच घातलं नाही. घालायला माझ्याजवळ काही नव्हतंच. बाहेर आले, काकूपुढं दोन्ही हातांनी ग्लास धरला, आणि मला आधीपासून माहीत नसलेलं वाक्य माझ्या तोंडून आलं.

'काकू, तुमचा वेगळा केलाय. त्या दिवशी तुम्ही बाईंसाठी केला होता ना, अगदी तस्सा.'

काकूचा हात ग्लासापाशी येऊन थांबला. मी डोळे वर करून बघितलं. तिनंही माझ्याकडं बघितलं, आणि मला माहीत आहे हे तिला कळलं.

'मला नको,' ती म्हणाली. 'माझा घसा बसलाय.'

'घ्या की हो,' शेजारची एक बाई म्हणाली. 'एवढं छान झालंय.'

'घ्या ना काकू,' मी म्हटलं. 'काय आहे त्यात?'

तिनं ग्लास घेतला, ओठापर्यंत नेला, हुंगला. मग आईकडं बघितलं. आई दाराच्या चौकटीला धरून उभी होती, पदर डोक्यावर, नजर खाली. तिच्या एका शब्दाचं काम होतं. 'प्या, चांगलं हाय,' एवढं तिनं म्हटलं असतं की काकू सुटली असती, आणि काकू तिच्याकडं अगदी तेवढ्यासाठीच बघत होती. सगळ्या जन्मात माझी आई कुणाला अडचणीत बघून गप्प बसली नाही. त्या दिवशी बसली.

काकूनं ग्लास खाली आदळला. अर्धं सतरंजीवर सांडलं. 'कारटी!' ती ओरडली. 'मूठभर बिया वाटून घातल्यात हिनं यात! मूठभर!'

बाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, परत लावला.

'मूठभर?' त्या म्हणाल्या. 'वाटून? त्या दिवशी तर तुम्ही म्हणालात, गरात बिया राहिल्या होत्या.'

मी सांडून उरलेला ग्लास उचलला आणि सगळ्यांसमोर तळापर्यंत प्याले. सावकाश प्याले. मग ग्लास उपडा धरून दाखवला, एक थेंब पडला. 'गोड आहे,' मी म्हटलं, आणि वरच्या ओठावरची साय जिभेनं पुसली.

'या अल्ला,' खाला हळूच म्हणाल्या, आणि त्यांनी सुपारी कातरायला घेतली.

बाई आईकडं वळल्या. 'गिरजाबाई, तुम्हाला माहीत होतं?'

आईनं मान वर केली. 'कवाचं इचारता बाई?' ती म्हणाली. 'त्या दिशीचं का आजचं?'

बाईंनी आपला ग्लास संपवला, अगदी शेवटपर्यंत, आणि उठल्या. 'सोमवारी या,' त्या म्हणाल्या. 'खोली झाडून ठेवायला सांगते.'

सोमवारी आम्ही गेलो. एक ट्रंक, एक वळकटी, आणि आईनं कापडात गुंडाळून घेतलेली रवी आणि चाळणी. काका टांग्यापर्यंत सोडायला आले. काकू बाहेर आली नाही. त्या खोलीला आतून कडी होती. पहिल्या दिवशी आईनं ती तीन-चार वेळा लावून काढून बघितली. मी त्याच वसतिगृहात राहून शिकले, तिथूनच मास्तरीण झाले. मिक्सरचं म्हणाल तर बोळात त्याचा आवाज परत कुणी ऐकला नाही, असं खाला सांगायच्या. टोपड्याखाली तो रेडिओशेजारी नुसता बसून राहिला.

आता तुम्ही म्हणाल, झालं ना मनासारखं, मग आता कशाला. आईही शेवटी शेवटी म्हणायची, 'सोडून दे गं आता, म्हातारी झाली ती.' मी म्हटलं, 'तू सोडलंस का?' ती हसली, आणि आई असं हसलेली मी फार थोड्या वेळा बघितली. मी सोडलं नाही. आई गेल्यानंतरच्या पहिल्या दिवाळीपासून आजपर्यंत मी दरवर्षी काकूकडं जाते. ती आता, आम्ही गेल्यावर झालेल्या मुलाच्या फ्लॅटमध्ये असते, तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट आहे. मी आईच्या रवीनं घोटते, आईच्या चाळणीवर गाळते, थर्मासमध्ये भरून नेते, आणि बरोबर एक स्टीलचा ग्लास. तिची सून म्हणते, 'किती करता हो तुम्ही यांचं.' सगळा फ्लॅट माझं कौतुक करतो. काकू मात्र ग्लासाकडं बघते आणि म्हणते, 'आधी तू पी.' मी अर्धा ग्लास पिते, तिच्या डोळ्यात बघत. मग उरलेला ती पिते, जीभ टोचेल की काय अशा भीतीनं, एकेक थेंब चाचपत. मी त्यात कधीच काही घातलेलं नाही. एकदाही नाही. पण हे मी तिला सांगितलेलंही नाही.

गेल्या दोन वर्षांत तिचं सगळं विसरायला झालंय. मुलाला 'भाऊजी' म्हणते, सुनेला कामवाली समजते, परभणीचं घर आठवून रडते. मागच्या दिवाळीला मी गेले तेव्हा तिनं मला ओळखलं नाही. कोण आलंय, कुठली बाई आहे, असं सुनेला विचारत होती. मला वाटलं, संपलं, आता येण्यात अर्थ नाही. थर्मास आणलाच होता म्हणून मी ग्लास भरला आणि तिच्यापुढं धरला. ती त्या ग्लासाकडं बघत राहिली. मग तिचा हात आपोआप मागं गेला, आणि ती अगदी स्पष्ट आवाजात म्हणाली, 'आधी तू.'

मी प्याले. सावकाश प्याले. या वर्षीही जाणार आहे, मामाच्या नातवानं पाटी पाठवलीय आणि फळांचे डोळे उघडायला लागलेत.